पातळ केलेला आवाज

[शनिवार, दुपारचे दोन. भिवंडी, टेमघर. द्रौपदी यांचं स्वरयंत्र सोमवारी सकाळी ठाण्याच्या एका रुग्णालयात काढायचं ठरलं आहे. त्यानंतर त्या टाइप करतील ते एक यंत्र बोलून दाखवेल. त्या यंत्रासाठी त्यांच्या जुन्या आवाजाचं रेकॉर्डिंग आज पाचपर्यंत पोचवायचं आहे. बाहेरच्या खोलीत त्यांची मुलगी धम्मदिना आणि धाकटा मुलगा रवींद्र. आतल्या खोलीत पती वाल्मीक आडवे झालेत. खिडकीखाली कापडाचे लूम चालू आहेत.]

धम्मदिना: परत लाव. नमुन्यातलं शेवटचं वाक्य.

रवींद्र: किती वेळा ऐकशील, ताई? बदलणार आहे का ते?

धम्मदिना: लाव.

रवींद्र: हे घे. ‘सुषमा, शाळा सुटली का? सावकाश ये.’ झालं समाधान?

धम्मदिना: ह्यात एक तरी स नीट आहे का सांग. नुसती हवा जातेय. आणि मागे ते काय, भांडी विसळल्यासारखं?

रवींद्र: ती फाइलची किरकिर आहे. पण कोण बोलतंय ते कळतं ना? आईच आहे ना?

धम्मदिना: आईच आहे. पिंपात तोंड घालून बोलतेय.

रवींद्र: तू पण ना.

धम्मदिना: मी नाही, रुग्णालयातल्या यामिनी मॅडम म्हणाल्या. आत्ता फोनवर तासलं त्यांनी मला. म्हणाल्या, आवाज बनवणाऱ्या संस्थेने तुम्ही दिलेल्या फाइलवरून हा नमुना बनवलाय. फाइलमध्ये वरच्या, बारीक आवाजांचा भागच नाही. जे फाइलमध्ये नाही ते त्यांचं यंत्र कुठून आणणार? मूळ रेकॉर्डिंग असेल तर पाचच्या आत पाठवा. नसेल तर ह्याच्यावरच बनेल, आणि तुमच्या आई पुढे ह्याच आवाजात बोलतील. परत बनवायचं म्हटलं तर संस्थेकडे रांग आहे, दिवाळीपर्यंत नंबर लागायचा नाही.

रवींद्र: मूळ नाहीये. तुला परवाच सांगितलं.

धम्मदिना: नाहीये एवढंच सांगितलंस. का नाहीये ते नाही सांगितलंस. मी तेव्हा नाशिकला होते, मला काही माहीत नाही. आता एकेक करून सांग. रेकॉर्डिंग कुणी केलं?

रवींद्र: मीच. लॉकडाऊनचं साल. वर्षावास लागला आणि विहाराला कुलूप. दर वर्षी तीन महिने आई तिथे ग्रंथ वाचते, बायका ऐकायला येतात. ती कशी गप्प बसणार? म्हणाली, मी घरात वाचते, तू त्यांच्यापर्यंत पोचव. अर्ध्या बायकांकडे साधा फोन, नेट नाही. मग कोन गावच्या कुमारकडून रेकॉर्डर आणला. जयंतीला, लग्नाला साउंड लावतो तो. हातात मावेल एवढा रेकॉर्डर, पण बाप चीज. आई पहाटे वाचायची, मी समोर धरून बसायचो. आणि ताई, तेव्हा गल्लीतले सगळे लूम बंद. कारीगर गावाला गेलेले. इतकं शांत टेमघर मी जन्मात ऐकलं नव्हतं. आई पान उलटायची ते पण आलं होतं त्यात.

धम्मदिना: म्हणजे तसं रेकॉर्डिंग आता परत होणार नाही.

रवींद्र: आईचा घसा ठीक असता तरी नसतं झालं. खाली ऐक काय चाललंय.

धम्मदिना: पुढे.

रवींद्र: पुढे ते एमपीथ्रीचे डबे. बाजारात मिळतात ना, बटणाचे, लूमवरची पोरं शर्टाला अडकवून गाणी ऐकतात ते. बायकांसाठी डझनभर घेतले. हिरवं बटण दाबा, द्रौपदीताई वाचतात, लाल दाबा, बंद. सगळ्या खूश. पण डबा सस्ता, मोठं कार्ड घेतच नव्हता. अख्खा वर्षावास त्या नखाएवढ्या कार्डात कोंबायचा होता. मग फाइल बारीक केली.

धम्मदिना: बारीक म्हणजे?

रवींद्र: म्हणजे दुधात पाणी. थोडं घातलं तर कुणाला कळत नाही. सॉफ्टवेअर काय करतं, जे ऐकू येणार नाही ते काढून टाकतं. मी जरा जास्तच घातलं. सगळ्यात खालचा आकडा होता तो ठेवला.

धम्मदिना: ऐकू येणार नाही म्हणजे कुणाला?

रवींद्र: असं काय विचारतेस? माणसाला.

धम्मदिना: बरं. डब्यात बारीक गेली. मोठी फाइल लॅपटॉपमध्ये राहिली असेल.

रवींद्र: राहिली होती. त्या दिवाळीपर्यंत होती. लॅपटॉप गच्च भरलेला, चालूच होईना. दुकानातलं रिपेअरिंगचं काम त्याच्यावर. मग ठरवलं, दोन्ही ऐकायच्या, फरक नसेल तर मोठी उडवायची. ऐकल्या. नव्हता फरक.

धम्मदिना: कुठे बसून ऐकल्यास?

रवींद्र: इथेच.

धम्मदिना: ह्या खिडकीत? खाली लूम चालू असताना?

रवींद्र: तोपर्यंत चालू झाले होते, हो. मग काय जंगलात जाऊन ऐकू? आणि मी एकट्याने नाही ठरवलं. मला पण वाटलं, आपला कान आहे, धोका देईल. म्हणून ज्याचा कान पक्का त्यालाच ऐकवलं.

धम्मदिना: कुणाला?

रवींद्र: पप्पांना.

धम्मदिना: रवी.

रवींद्र: काय रवी? पप्पांचा कान तुला माहीत नाही? शेडच्या बाहेर चहा पिता पिता सांगायचे, मागच्या लाइनीतला कोपऱ्यातला लूम उद्या बसणार. बसायचा. शेठ दुसऱ्या जॉबरचं ऐकायचा नाही, म्हणायचा वाल्मीक को बुलाओ, वो सुनके बताएगा. अख्ख्या भिवंडीत लूम दुरुस्त करणारे शंभर जॉबर असतील, पण हात न लावता दुखणं ओळखणारा हाच. तर त्यांना हेडफोन लावला. आधी मोठी, मग बारीक. डोळे मिटून ऐकलं त्यांनी, घाईत नाही. म्हणाले, तसूभर फरक नाही, एक उडव. उडवली. तू असतीस तर काय केलं असतंस?

धम्मदिना: मी पण उडवली असती.

रवींद्र: मग?

धम्मदिना: लूमचा आवाज कसा असतो रे? धाड धाड. तो पायातून वर येतो. बहिऱ्यालाही कळेल. त्यावरून आपण सगळ्यांनी ठरवलं, ह्यांचा कान पक्का.

रवींद्र: पप्पा बहिरे नाहीत. काहीपण बोलू नको. हाक मारली की ओ देतात. काल हा नमुना आला तेव्हा त्यांनाच पहिला ऐकवला. डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, अगदी हीच, काही कमी नाही.

धम्मदिना: तेच म्हणतेय मी. तू ऐकलास, तुला किरकिर कळली. मला कळली. आईने तर हातानेच नको म्हटलं. आणि त्यांना अगदी हीच वाटली.

रवींद्र: मला वाटलं, भरून आलं म्हणून म्हणाले.

धम्मदिना: ते जाऊ दे आत्ता. वेळ जातोय. रेकॉर्डर कुमारचा होता ना? त्याच्याकडे काही राहिलं असेल?

रवींद्र: रेकॉर्डर त्याने केव्हाच विकला. पण थांब. मध्ये मध्ये तो कार्ड न्यायचा, स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्यायचा. म्हणायचा, वर्षावास संपला की विहाराच्या भोंग्यावर लावू, आवाज साफ करून देतो.

धम्मदिना: हे तू मला आत्ता सांगतोस?

रवींद्र: मला आत्ता आठवलं. एवढी वर्षं झाली. सकाळपासून तू वकिलासारखी धरलीस, माणूस विचार कधी करणार?

धम्मदिना: फोन लाव त्याला.

रवींद्र: लावतोय. वाजतोय. उचलत नाही... आता तो साउंड करत नाही ना, पूर्ण्याच्या गोडाऊनला लागलाय, पॅकिंगला. ड्युटीवर असेल.

धम्मदिना: मग सुट्टी होईपर्यंत नाही उचलणार. आमच्या गोडाऊनला पण तसंच, फोन गेटवर लॉकरमध्ये. तू गाडी काढ. गेटवर सिक्युरिटीला सांग, घरात इमर्जन्सी आहे, कुमारला दोन मिनिटं बाहेर पाठवा. भांडू नको त्याच्याशी.

रवींद्र: मी कुणाशी भांडतो?

धम्मदिना: आणि हेल्मेट घे. पेट्रोल आहे?

रवींद्र: आहे गं, माझे आई. जातो.

* * *

द्रौपदी: गेला का?

धम्मदिना: तू का उठलीस? आणि बोलू नको. डॉक्टरांनी काय सांगितलंय?

द्रौपदी: सोमवारनंतर गप्पच बसायचंय. आज बोलू दे.

धम्मदिना: हळू बोल मग. पाणी देऊ?

द्रौपदी: नको. तू त्याला लई बोललीस.

धम्मदिना: त्याला नाही बोलले.

द्रौपदी: ऐकलं मी सगळं. भिंत काय दगडाची हाय? पोराचा जीव तीळतीळ तुटतोय. परवापासनं धड जेवला न्हाय.

धम्मदिना: पप्पांनी ऐकलं?

द्रौपदी: ते जागेच हायत. पेपर वाचतायत. मी विचारलं, पोरं काय बोलतात हो? म्हणाले, बोलत असतील कायतरी, लूमच्या आवाजात काय कळतंय.

धम्मदिना: तुला कळलं ना लूमच्या आवाजात?

द्रौपदी: मला कळलं.

धम्मदिना: थांब. मी आत जाऊन येते.

द्रौपदी: काय करतेस? उगा त्यांना विचारू नको. चिडतील.

धम्मदिना: विचारत नाही. आलेच.

द्रौपदी: ...काय झालं?

धम्मदिना: त्यांच्या पाठीमागे उभी राहिले. मोबाइलचा अलार्म लावला, तो चिवचिव करणारा. वळले नाहीत. आवाज वाढवत नेला. नाही वळले. मग नुसतं दार ढकललं, तर लगेच म्हणाले, कोण, दिना का?

द्रौपदी: दार जड हाय.

धम्मदिना: हो. जड आहे म्हणून कळलं.

द्रौपदी: कुकर.

धम्मदिना: काय?

द्रौपदी: कुकरच्या शिट्टीवरनं किती भांडलोय आम्ही. शिट्ट्या मोजून बंद करा म्हणायची आणि अंगणवाडीत जायची. येऊन बघते तर डाळ करपलेली, आणि हे तिथंच ओट्याला टेकून पेपर वाचतायत. मी तोंडाचा पट्टा सोडायची. म्हणायचे, वाजलीच न्हाय गं. मी म्हणायची, एवढं खोटं कुठं फेडाल?

धम्मदिना: आम्ही हसायचो. रवी त्यांची नक्कल करायचा, वाजलीच न्हाय गं.

द्रौपदी: कधी तरी रागानं म्हणाले पण न्हाईत, की मला येत न्हाय ऐकू.

धम्मदिना: त्यांना तरी कुठे माहीत असेल? जे येत नाही ते येत नाही हे कळणार कसं? सगळ्या जॉबर लोकांचं असंच होतं म्हणे. आधी वरचे आवाज जातात. शिट्टी, पैंजण, पाखरं. शब्दातला स, श. जाडे आवाज राहतात. लूम राहतो.

द्रौपदी: मग मी त्यांना कशी ऐकू येते?

धम्मदिना: माहीत नाही, आई.

द्रौपदी: तुला माहीत हाय. सांग.

धम्मदिना: साधारण ह्या डब्यातल्यासारखी. म्हणून तर त्यांना दोन्हीत फरक वाटला नाही. मोठी फाइल ऐकली तरी त्यांच्या कानात एवढंच शिरतं.

द्रौपदी: दे इकडं तो डबा. हिरवं बटण ना?

धम्मदिना: लाल बंद करायचं. ...पुरे, आई. बंद कर.

द्रौपदी: थांब. नीट ऐकू दे. आतापर्यंत मी नीट ऐकलंच न्हाय, लाज वाटायची... ही बाई जरा बावळट वाटते.

धम्मदिना: काहीतरीच.

द्रौपदी: बघ ना. सावकाश, गोल गोल. कुठं टोचत न्हाय. मी अशी हाय का? विहारात बायका म्हणतात, द्रौपदीताई रागावली की शब्द टाचणीसारखे लागतात. ह्यांना टाचणी लागलीच न्हाय कधी. एवढा संसार केला तो ह्या बाईबरोबर केला त्यांनी.

धम्मदिना: तरी केला ना?

द्रौपदी: तेच. बरा केला. मला वाटायचं माणूस थंड हाय, बोललेलं मनाला लावून घेत न्हाय. गुण वाटायचा. त्याच गुणाचा राग पण यायचा.

धम्मदिना: रवीचा फोन. थांब, स्पीकरवर टाकते. बोल.

रवींद्र: ताई, पूर्ण्याला आहे. गेटवर ताटकळत ठेवलं यार. सिक्युरिटीवाला म्हणतो, इमर्जन्सी मतलब कौन मरा? मी म्हटलं कोणी नाही मेलं, आवाज हवाय. तो माझ्याकडे असा बघतोय. मग तुझं नाव सांगितलं, तुझ्या गोडाऊनचं, तेव्हा कुठे सुपरवायझरला फोन केला.

धम्मदिना: कुमार भेटला का?

रवींद्र: भेटला. धावत आला बिचारा. डिस्क आहे म्हणतो. फेकलेली नाही, नक्की. कोनला घरी, माळ्यावर, ॲम्प्लिफायरच्या खोक्यात. त्याला सुट्टी मिळत नाही, पण बहिणीला सांगतो म्हणाला, मेघालीला. ती घरीच आहे. मी निघालो कोनला.

धम्मदिना: त्यात आईचं आहे हे नक्की?

रवींद्र: तो म्हणतो असणार. त्याच्यावर नंतर लग्नाची शूटिंगं पण घेतली होती एकाची. त्यासाठी आईचं पुसलं की नाही, आठवत नाही म्हणतो. आईला सांगू नको हे.

द्रौपदी: ऐकलं आईनं.

रवींद्र: अरे यार. आई, तू बोलू नको ना.

द्रौपदी: कल्याण रोडला ट्रकवाले बघून जा. घाई करू नको.

रवींद्र: घाईच करायची आहे, आई. ठेवतो.

* * *

धम्मदिना: यामिनी मॅडमना परत फोन लावला. म्हणाल्या, पाच म्हणजे पाच. पाचला मी तुमची हातातली फाइल पुढे ढकलते. त्यानंतर दुसरी आलीच तर बदलायचा प्रयत्न करेन. पण संस्थेने एकदा काम सुरू केलं की मग माझ्या हातात काही नाही, आणि ते कधी सुरू करतात ते मला सांगत नाहीत.

द्रौपदी: सरळ बाई हाय. लपवत न्हाय काही.

धम्मदिना: अजून एक विचारलं त्यांनी. तुझी पसंती लागते म्हणे. तू म्हणालीस की मला ह्यापेक्षा फोनमधला तयार आवाज चालेल, तर तोही लावता येतो. त्या बाईचा स एकदम स्वच्छ असतो.

द्रौपदी: कुठली बाई?

धम्मदिना: ती गं, आपण ज्या क्रमांकावर संपर्क करू इच्छिता, तसली.

द्रौपदी: ती माझ्या घरात बोलणार? मग हे तिला अहो-जाहो करतील.

धम्मदिना: हसू नको. खोकला येईल. ...बघ, आलाच. पाणी घे. हळू.

द्रौपदी: आता एक ऐक माझं. नातवाच्या बारशाला शेजारचे चिंतामणी मास्तर आले होते, कानाला मशीन लावून. ते कुठनं घेतलं होतं त्यांनी?

धम्मदिना: कल्याण नाक्यावरून. का?

द्रौपदी: आज मिळंल?

धम्मदिना: आज? आई, पाचला फाइल जायचीय. परवा तुझं ऑपरेशन. उद्या भरती व्हायचंय. पप्पांच्या कानाचं आपण नंतर निवांत बघू. तू घरी आलीस की पहिलं तेच काम.

द्रौपदी: नंतर काय ऐकवू त्यांना? हा आवाज घोगरा तर घोगरा. हाय तो सोमवारपर्यंत हाय. त्यात स पण हाय, श पण हाय. मघाशी आत जाऊन म्हणून बघितलं मी, सुषमा, शाळा. चिरकतो, पण येतो.

धम्मदिना: मी सांगते ते शांतपणे ऐक. आत्ता त्यांना हा डब्यातला आवाज तुझाच वाटतो. काही कमी नाही म्हणाले ते. समज कुमारच्या डिस्कवर काही नाही सापडलं. मग तुझं यंत्र ह्याच आवाजात बोलणार. पप्पांना मशीन नसेल तर त्यांच्यासाठी काहीच बदलणार नाही. तू आधी होतीस तशीच बोलत राहशील. आणि मशीन लावलंस तर तेही माझ्यासारखं ऐकतील. पिंपातलं. कळेल त्यांना काय गेलं ते. जन्मभर कळत राहील.

द्रौपदी: कळंल.

धम्मदिना: आणि हेही कळेल की ती फाइल त्यांच्याच सांगण्यावरून उडवली.

द्रौपदी: हां. ते मी धरलं न्हवतं.

धम्मदिना: म्हणून म्हणते, राहू दे.

द्रौपदी: त्यांनी खोटं सांगितलं होतं का?

धम्मदिना: नाही.

द्रौपदी: मग? जेवढं ऐकू आलं तेवढं सांगितलं. रवीनं विश्वास ठेवला. मी पण ठेवला असता. तू पण. आता त्यांनी चुकल्यासारखं तोंड केलं तर मी सांगेन ना, माझ्या तोंडानं, आजच. सोमवारनंतर ते त्या बोलणाऱ्या मशीनला सांगावं लागंल, आणि ते मशीन समजूत घालतंय का कुणाला माहीत.

धम्मदिना: तू ठरवलंस म्हणजे.

द्रौपदी: एकदा त्यांना माझा आवाज नीट ऐकू दे. मग पुढं काय वाटायचं ते वाटू दे.

धम्मदिना: आत्ताच्या आत्ता मिळतं का ते मला माहीत नाही. तपासावं लागतं, मग कानाप्रमाणे लावून देतात.

द्रौपदी: फोन करून विचार ना. एवढ्या वेळात दोनदा विचारून झालं असतं.

धम्मदिना: करते. तू बस. ...हॅलो, कल्याण नाक्यावरचं कानाचं सेंटर ना? नमस्कार. वडिलांना दाखवायचं होतं. हो, आज. किती वाजेपर्यंत? ...अच्छा. आणि तपासल्यावर मशीन लगेच? ...नाही, समजलं मला, पण एका दिवसासाठी तरी, ट्रायलवर? ...आईचं ऑपरेशन आहे हो. ...नाही, आईच्या कानाचं नाही. ...बरं. येतो आम्ही.

द्रौपदी: काय म्हणाले?

धम्मदिना: सातपर्यंत उघडं आहे. तपासणी आज होईल. ट्रायलचं मशीन असेल तर उद्यापर्यंत वापरायला देतात, पण कान कसला निघतो त्यावर आहे. आधी सांगता येत नाही म्हणाले.

द्रौपदी: मग चल. साडी बरी हाय ना ही?

धम्मदिना: तू कशाला येतेस? दमशील. मी नेते त्यांना.

द्रौपदी: तुझ्याबरोबर यायचे न्हाईत. कानासाठी म्हटलंस तर चप्पलच घालणार न्हाईत. म्हणतील, माझ्या कानाला काय धाड भरलीय? माझ्या घशाचं काहीतरी राहिलंय, तपासून घ्यायचंय, असं सांग. मग पळत येतील.

धम्मदिना: आई, तू पण ना.

द्रौपदी: जा, सांग. मोठ्यानं सांग. आणि समोर उभी राहून सांग.

धम्मदिना: ...सांगितलं. लगेच उठले. फाइल घेऊ का तिची, एक्स-रे घेऊ का, विचारतायत. शर्ट बदलतायत. थांब, रवीचा फोन. हां, बोल. पोचलास?

रवींद्र: ताई, डिस्क मिळाली. मेघालीने काढून ठेवली होती. धूळ बघ, पिठासारखी. लॅपटॉपला लावली. दिवा लागतोय, आत फिरल्यासारखा आवाज येतोय, पण स्क्रीनवर काही येत नाही.

धम्मदिना: म्हणजे गेली?

रवींद्र: गेली असं नाही म्हणता येत. वायर खराब असेल, डिस्क खराब असेल. माझ्या दुकानात दुसरी वायर आहे. निघालो दुकानात. पाच वाजतायत ना गं?

धम्मदिना: वाजलेच.

रवींद्र: मॅडमना सांग दहा मिनिटं.

धम्मदिना: सांगून झालं. त्यांनी बारीक फाइल पुढे पाठवलीय. आत्ताच मेसेज आला. तुझी चालू झाली की लगेच पाठव, बदलता आली तर बदलतील.

रवींद्र: आणि नाही चालू झाली तर?

धम्मदिना: तू वायर बदलून बघ आधी. आम्ही कल्याण नाक्यावर चाललोय, पप्पांना घेऊन.

रवींद्र: आत्ता? कशाला?

धम्मदिना: आल्यावर सांगते. सावकाश जा.

द्रौपदी: काय म्हणाला?

धम्मदिना: डिस्क फिरतेय. अजून काही दिसत नाही.

द्रौपदी: आणि हे कुठं गेले?

धम्मदिना: खाली. तुला चालायला नको म्हणून रिक्षा दारापर्यंत आणतायत.